भिंत स्थिर धरून

त्या संध्याकाळी दगडी चेहऱ्याचे डोळे गालांवर उघडले. दगडाचे डोळे होते तिथेच होते, सर्वांत वरच्या मजल्याच्या मधल्या खिडकीच्या माथ्यावर, कुणा पाथरवटाने कधीकाळी मिटून ठेवलेले. पण त्यांच्यावर नेमके बसायला हवे होते ते उजेडाचे डोळे दोन-तीन बोटं खाली घसरले होते. सगळं अंगण काळोखात होतं. भिंतीवर फक्त तो ताटाएवढा चेहरा उजळला होता. स्पीकरमधून आईच्या आवाजात वाक्य आलं, 'हा सगळं पाहत असतो', आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालफडांवर, दोन डोळे टक्क उघडले. प्रेक्षकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग त्याला सोबत म्हणून आणखी कुणी, आणि बघता बघता मागच्या रांगांपर्यंत खसखस पिकली. केबिनच्या काचेमागे उभ्या असलेल्या तिला खरं तर लाज वाटायला हवी होती. जुळवणी तिच्याकडे होती, म्हणजे चूकही तिचीच. पण लाजेच्या आधी तिचं लक्ष त्या डोळ्यांच्या नजरेकडे गेलं. रोज तो चेहरा डोळे उघडायचा तेव्हा समोर, दूर, फाटकापलीकडे पाहायचा. आज तो खाली पाहत होता, पहिल्या रांगेकडे. पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बाबा बसले होते, आणि एवढ्या सगळ्या माणसांत तेवढेच एक हसत नव्हते.

आपलं काम काय हे लोकांना सांगण्याच्या भानगडीत ती पडत नसे. 'प्रोजेक्टरवाली' म्हटलं की सुटका व्हायची. जुन्या धान्याच्या कोठाराची ही एकच भिंत उरली होती, समोरची, तीन मजली उंच, खिडक्याच खिडक्या असलेली. मागचे मजले, छप्पर, बाजूच्या भिंती केव्हाच गेल्या होत्या आणि खिडक्यांतून पलीकडचं नुसतं आकाश दिसे. दिवसा येणारे लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढत आणि 'एवढंच?' अशा तोंडाने परत जात. काय होतं ते त्यांना कळावं म्हणून हा उजेडाचा खेळ. अंधार पडला की अंगणातल्या ओट्यावरचे दोन प्रोजेक्टर खालून वर चित्र फेकायचे, आणि खिडकीच्या कडेवर कडा, दारावर दार, कोनाड्यात दिवा असं सगळं भिंतीवर बसायचं. उजेडाची माणसं पोती पाठीवर घेऊन दगडी पायऱ्या चढायची, तराजूचं पारडं खाली यायचं, वरच्या पट्टीवरून पाऊस ओघळायचा. दगड कुठे संपला आणि उजेड कुठे सुरू झाला हे पाहणाऱ्याला कळता कामा नये. ते तसं बसवणं म्हणजे जुळवणी. कॉम्प्युटरवर चित्रावर एक जाळी ताणलेली असते. तिची एकेक गाठ धरून वर, खाली, बाजूला ओढायची, की तेवढ्यापुरतं चित्र सरकतं. शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "भिंत स्थिर धरायची. बाकी सगळं हलतं. स्टँड हलतो, लेन्स तापते, येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागतो. भिंत हलत नाही. काही घसरलं की चित्र भिंतीकडे न्यायचं." वाक्य सोपं होतं. तिच्या हातांना ते इतकं पाठ झालं होतं, की डोक्याला पुन्हा विचारायची गरजच पडली नव्हती.

शो सुटल्यावर व्यवस्थापक साहेब केबिनमध्ये डोकावले. त्या दगडी चेहऱ्याला इथले सगळेच 'म्हातारा' म्हणत. "काय मॅडम, आज आमच्या म्हाताऱ्याला मोतीबिंदू झाला की काय? गालांनी बघत होता." ती म्हणाली, "स्टँडला धक्का लागला असेल सर, उद्या बसवते." साहेब म्हणाले, "बसवा बसवा. लोक आपल्याकडे हसायला येत नाहीत, भारावायला येतात." तारा गुंडाळत बसलेल्या इलेक्ट्रिशियनला मात्र ते झोंबलं. कमरेला कायम पक्कड अडकवलेली असायची म्हणून त्याचं नावच पक्कड पडलं होतं. तो म्हणाला, "धक्का? अहो, तो स्टँड मी स्वतः ओट्यात आवळलाय. हत्तीने रेटला तरी जागचा हलायचा नाही." "मग लेन्स तापली असेल." "असेल बुवा. काचेचं तुम्ही बघा, लोखंडाचं मी सांगितलं." दुसऱ्या दिवशी दिवस कलल्यावर तिने जाळीच्या वरच्या गाठी धरल्या आणि डोळे वर ओढून डोळ्यांवर ठेवले. बसले. जीव भांड्यात पडला. पडला म्हणेपर्यंत तिच्या लक्षात आलं, की खालच्या दाराला आपण हात लावला नाही. लावायची गरजच नव्हती. दाराची चौकट दगडावर चोख बसलेली होती. स्टँड हलला असता तर दारही हललं असतं. मनात पाल चुकचुकली. पण फाटक उघडलं होतं, लोक आत येत होते, आणि चुकचुकणाऱ्या पालीकडे बघत बसायला तिला कुणी पगार देत नव्हतं.

बाबांना घेऊन ती पायीच घरी जायची. शो लवकर संपे, दुकानं उघडी असत, न्हाव्याच्या दुकानात शेवटचं गिऱ्हाईक मान मागे टाकून बसलेलं असे. बाबा भाजीवाल्यापाशी थांबून उगाच दुधी दाबून बघायचे आणि न घेता पुढे निघायचे, तसे ते आई असतानाही करायचे आणि आई म्हणायची, "अहो, घ्यायचा नसेल तर त्याला कशाला त्रास?" आता ते म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून भाजीवालाच एकदा तसं म्हणाला होता. दाराशी पोचल्यावर, कुलूप काढण्याआधी, ती त्यांचे खांदे झटकायची. खांद्यांवर पांढरी भुकटी असायची. "कोंडा केवढा झालाय तुम्हाला. शाम्पू बदला." ते "बरं" म्हणायचे. शाम्पू बदलला होता. एकदा नव्हे, दोनदा. हल्ली शर्ट धुताना बादलीच्या तळाशी बारीक कच लागायची, नखांत जायची. तेही तिने मनावर घेतलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाच्या शर्टात काय काय निघतं, त्याचा हिशेब ठेवायला बसलं तर आयुष्य पुरायचं नाही. ती बादली उपडी करायची, कच मोरीच्या जाळीवर राहायची आणि दुसऱ्या तांब्याबरोबर निघून जायची.

आईचा आवाज शोमध्ये आला तो कुणी ठरवून नाही. निवेदनासाठी मोठ्या आवाजाचा एक माणूस बोलावला होता, पण तो धान्याच्या कोठाराबद्दल असं बोलायचा, की आता शेवटी साबणाचं नाव घेईल असं वाटावं. तोवर चित्रांच्या वेळा तर बसवायला हव्यात, म्हणून तिने घरी आईलाच वाचायला बसवलं, तात्पुरतं. कपाटाचं दार उघडून, कपड्यांमध्ये मायक्रोफोन टांगून, वर रजई घेऊन. आई शाळेत शिकवायची. तिला मोठ्याने वाचायचं आणि कुणाला घाबरवायचं नाही, हे दोन्ही एकाच वेळी जमायचं. 'या, असे जवळ या. तुम्ही यायच्या आधी इथे पुष्कळ माणसं येऊन गेली.' एके ठिकाणी, 'आणि' म्हटल्यावर, 'उन्हाळ्यात' या शब्दाच्या आधी, तिचा श्वास अडकला होता. "आई, तेवढं पुन्हा घेऊ या." "राहू दे गं. माणूस बोलतंय एवढं तरी कळू दे." साहेबांनी ते ऐकलं आणि साबणवाल्याला परत पाठवलं. शो सुरू झाला तेव्हा आई नव्हती. अडकलेला तो श्वास आजाराचा होता हे कळलं, तेव्हा फार उशीर झाला होता. नंतर बाबा दुपारपर्यंत अंथरुणातून उठेनासे झाले. दाढी वाढली, जेवणाचं ताट तसंच परत येऊ लागलं, विचारलं तर म्हणायचे, "भूक नाही, आणि नाही त्याचं काही वाटतही नाही." उद्‌घाटनाला तिने त्यांना जवळजवळ ओढून आणलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी न्हाणीतून वस्तऱ्याचा आवाज आला. बाबा आरशासमोर दाढी करत होते, आणि पलंगावर इस्त्री केलेला शर्ट होता. तेव्हापासून ते रोज येत. तिने त्यांच्या फोनवर ते सगळं निवेदन घालून दिलं होतं, मनात आलं की ऐका म्हणून. त्यांनी एकदाच ऐकलं आणि फोन तिच्या हातात दिला. "घरात ऐकलं की मला तिला उत्तर द्यावंसं वाटतं. मग ती थांबत नाही, पुढचं बोलत सुटते. तिथे बरं असतं. सगळेच गप्प बसतात, मीही बसतो."

डोळे पुन्हा घसरले. या वेळी कुणी हसायच्या आत तिने पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी वर ओढले. मग पुन्हा. आधी महिन्याकाठी वरच्या एखाद्या गाठीला हात लावावा लागे, मग पंधरवड्याला, आणि आता आठवडा पुरा होत नव्हता. घसरणं नेहमी खालीच. लेन्स तापून घसरली असती तर कधी डावीकडे, कधी वर, काहीतरी वेगळं केलं असतं तिने. हे काहीतरी एका दिशेने, न चुकता, कुणी पाठवल्यासारखं येत होतं. दिवसा ती अंगणात उभी राहून भिंतीकडे बघायची. भिंत भिंतीसारखी दिसायची. वरच्या पट्टीवर पूर्वी पारव्यांची रांग असायची, ती हल्ली नव्हती. पण पारवे काय, आज इथे उद्या तिथे. एकदा तिने पक्कडला विचारलं, "पारवे कुठे गेले रे?" तो म्हणाला, "गेले ते बरं झालं. माझ्या केबलींवर घाण करायचे." आणि दोघं हसली. हसताना तिला वाटलं, की आपण फार जोरात हसतोय. रात्री अंथरुणावर पडल्यावर डोळे मिटले की मिटलेल्या पापण्यांच्या जरा खाली कुणीतरी दुसरे डोळे उघडतंय असं वाटे, आणि ती कूस बदलायची.

शनिवारी दिवस मावळायच्या बेताला ती केबिनमध्ये बसली आणि सवयीने वरच्या गाठी धरल्या. चिमटीत धरायचं, थोडं आत घ्यायचं, सोडायचं. पुढची गाठ. थोडं आत, सोडायचं. त्या हालचालीत तिला एकदम आईचे हात दिसले. शेवटच्या वर्षात आई दुपारी खिडकीशी बसून स्वतःच्या कपड्यांच्या शिवणी आत घ्यायची. कुणाला न सांगता, गाणं गुणगुणत. जरा सैल झालं की एक टाका आत. पुन्हा सैल झालं की पुन्हा. ती नेहमीच नीटनेटकी. घरातल्या कुणालाही तिचा कपडा कधी ढगळ दिसला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?" बाबांनी लेकीकडे पाहिलं, तिने बाबांकडे. कुणालाच सांगता येईना. कपडे तर परवापर्यंत अगदी बेताचे बसत होते. घरी आल्यावर तिने आईचा एक जुना ब्लाऊज उलटा करून पाहिला होता, आणि आतल्या बाजूला एकाशेजारी एक शिवणींच्या ओळी होत्या, कुठली आधीची आणि कुठली नंतरची हे कळू नये अशा. तिचा हात माउसवर थांबला. तिच्या तोंडून, केबिनमध्ये कुणी नसताना, "अगं बाई" एवढंच निघालं. मग तिने इतके दिवस न केलेली एक साधी गोष्ट केली. आजची जाळी काढून टाकली, आणि पहिल्या दिवशी बसवलेली जाळी जशीच्या तशी भिंतीवर सोडली.

अजून पुरता अंधार झाला नव्हता. त्या राखाडी उजेडात दगडाची भिंत दिसत होती आणि तिच्यावर, पांढऱ्या रेषांची, उजेडाची भिंत दिसत होती, आणि त्या एक नव्हत्या. दाराशी एक होत्या. पहिल्या मजल्याच्या खिडक्यांशी थोड्या फारकत घेतलेल्या. दुसऱ्या मजल्यावर उजेडाच्या कमानी दगडी कमानींच्या खाली लोंबत होत्या. आणि सर्वांत वर, म्हाताऱ्याच्या चेहऱ्यापाशी, उजेडाचे डोळे गालांवरही नव्हते, हनुवटीच्याही खाली, कोऱ्या दगडावर उघडे होते. शिकवणाऱ्याच्या वाक्यात एकच शब्द बदलायचा होता, बाकी सगळं बरोबर होतं. उजेड पहिल्या दिवसापासून जागच्या जागी होता. तिने त्याला, टाका टाका आत घेत, भिंतीमागोमाग चालवलं होतं. जो एक साक्षीदार खरं सांगत होता, त्याला ती दर आठवड्याला दटावून गप्प करत आली होती, आणि त्याबद्दल तिला शाबासकीही मिळाली होती.

"हे काय लावून ठेवलंय?" साहेब दारात होते. "लोक बाहेर उभे आहेत, फाटकातून दिसतंय सगळं." तिने सांगितलं. सांगताना तिचा आवाज शाळेत उत्तर देताना व्हायचा तसा बारीक झाला. "म्हणजे मशीन हललं," साहेब म्हणाले. "मशीन हललं असतं तर दार पण हललं असतं, सर. दार बघा. खाली सगळं जागेवर आहे. जितकं वर जावं तितकं जास्त घसरलंय. वरची बाजू पुढे आलीय. भिंत अंगणाकडे वाकतेय." साहेब काचेशी येऊन उभे राहिले. त्यांनी दार पाहिलं, खिडक्या पाहिल्या, वरचे डोळे पाहिले. त्यांना दिसलं, त्यांना दिसलं हे तिला दिसलं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून विनाकारण चष्मा पुसला. "मॅडम, ही भिंत शेकडो वर्षं उभी आहे. तुमचं मशीन काल आलंय. दोघांत खोटं कोण बोलत असेल?" तिने पुन्हा वरच्या डोळ्यांकडे बोट केलं. "वरच्या ऑफिसातून माणसं येऊन तपासून गेली की. ठीक आहे म्हणाली." "ते दिवसा आले होते सर. दिवसा ही ठीकच दिसते." "सोमवारी फोन करतो मी. स्वतः करतो." "आजचा शो रद्द करा." साहेब खुर्चीवर बसले. ते वाईट माणूस नव्हते. आईच्या शेवटच्या दिवसांत ते दवाखान्यात दोनदा येऊन गेले होते, संत्री घेऊन. ते हळू आवाजात म्हणाले, "एकदा बंद झालं ना, की परत उघडत नाही. मी बघितलंय हे. भोवती पत्रे ठोकतील, पाटी लावतील, आणि वर्षानुवर्षं कुणी फिरकणार नाही. तुमच्या आईंचा आवाजही त्या पत्र्यांच्या आत. बाबांना काय सांगणार आहात?" साहेब उठले, दाराशी आलेल्या पक्कडला म्हणाले, "कालची जाळी लाव. तीच बसत होती बऱ्यापैकी. वेळेवर सुरू कर," आणि फाटकाकडे गेले.

ती अंगणात आली तेव्हा रांगा भरत होत्या. एक बाई पर्समधून शाल काढत होती, कुणी कुणाला "पुढे बस, पुढून छान दिसतं" म्हणत होतं. पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बाबा होते, इस्त्रीचा शर्ट, हात गुडघ्यांवर, स्टेशनवर लवकर येऊन बसलेल्या माणसासारखे निवांत. ती शेजारच्या खुर्चीवर बसली. "बाबा, उठा. घरी जाऊ." "आत्ताच तर आलो." "बाबा, भिंत वाकलीय. पुढे येतेय. आपल्या अंगावर." त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही. त्यांनी आपल्या खांद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "माहीत आहे मला," ते म्हणाले. तिला वाटलं, त्यांना नीट ऐकू गेलं नाही. "भिंत म्हणतेय मी." "हो गं. भिंतच. रोज पडतं की थोडं थोडं. परवा एक खडाही पडला." त्यांनी शर्टाच्या खिशातून वाटाण्याएवढा चुन्याचा खडा काढून तळहातावर धरला, तिच्यासाठी जपून ठेवल्यासारखा. "मग बोलला का नाहीत?" बाबांना तिच्या प्रश्नाचं खरंच नवल वाटलेलं दिसलं. "तू रोज झटकतेस ना दाराशी. मला वाटलं, तुलाही माहीत आहे. मी म्हटलं, पोरीला सगळं कळतंय, आणि तरी ती मला इथे बसू देतेय. बरं वाटायचं मला."

अंगणातले दिवे गेले. "या," आईचा आवाज आला, भिंतीच्या पोटातून आल्यासारखा, "असे जवळ या. तुम्ही यायच्या आधी इथे पुष्कळ माणसं येऊन गेली." बाबांच्या गुडघ्यावरची बोटं सैल झाली. दार उजळलं, पायऱ्या उजळल्या, उजेडाची माणसं पोती घेऊन निघाली, आणि सगळं इतकं बेमालूम बसलं होतं की तिच्या अंगावर काटा आला. पक्कडने लावलेली ती तिचीच जाळी होती, कालची. चेहरा उजळला. "हा सगळं पाहत असतो." डोळे डोळ्यांवर उघडले, नेमके, केसाचाही फरक नाही. मागे कुणीतरी श्वास रोखला. वर पाहणाऱ्या सगळ्यांचे चेहरे तिने वळून पाहिले, शालवाली बाई, तिच्या मांडीवर डोकं टाकलेली मुलगी, एक म्हातारं जोडपं एकाच दुर्बिणीतून आळीपाळीने बघत होतं. तिच्या हाताच्या पाठीवर काहीतरी पडलं. वजन नसलेलं. तिने ते बोटाने चोळलं, कच होती. "पडली तर पडू दे," बाबा तिच्या कानाशी, आवाजाच्या मध्ये येणार नाही इतक्या हळू म्हणाले, "आवाज तरी तिचाच असेल." तिला त्यांचा इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, मागे बघा. मागे माणसं बसलीत." ते मागे वळले. वळून बराच वेळ बघत राहिले, इतक्या दिवसांत ही माणसं त्यांना पहिल्यांदाच दिसत असावीत. पण ते उठले नाहीत.

मग ती उठली. खुर्च्यांच्या कडेकडेने वाकून जायची रीत होती, प्रोजेक्टरच्या समोरून कधी जायचं नाही. ती सरळ मधून गेली, आणि भिंतीवर एका बाईची तीन मजली सावली चढली आणि उतरली. "ए, बसा की खाली!" कुणीतरी ओरडलं. केबिनमध्ये पक्कड "मॅडम, मॅडम" म्हणेपर्यंत तिने शोचा मुख्य खटका खाली ओढला होता. "पावसाळ्यात ओला वास यायचा," आई म्हणत होती, "आणि..." एवढ्यावर ती थांबली. काळोख. मग अंगणातले दिवे. ती दारात उभी राहून ओरडली, "सगळ्यांनी बाहेर चला, मागच्या फाटकाने. भिंतीकडे जाऊ नका. सावकाश." लोक चिडले. कुणी तिकीट नाचवलं, कुणी फोनवर तिचं चित्रण करू लागलं. साहेब लाल तोंडाने धावत आले आणि तिच्यापासून दोन हातांवर थबकले. त्यांनी वर पाहिलं, एकदाच, भरकन. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तेच मागच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले आणि हात हलवत म्हणू लागले, "चला, चला, मशीन बिघडलंय, सावकाश." अंगण रिकामं झालं. खुर्च्या वेड्यावाकड्या सरकल्या होत्या. मधली मात्र जागेवर होती, आणि तिच्यावर बाबा.

ती फाटकाच्या बाजूने आली, पण पहिल्या रांगेपासून जरा दूरच थांबली. तिला भीती वाटत होती, आणि त्या भीतीची लाज वाटत नव्हती. "बाबा, चला." "तिचं वाक्य अर्धं राहिलं," बाबा म्हणाले. ते रागावले नव्हते. "तिला मधेच तोडलेलं आवडत नाही, तुला माहीत आहे." "बाबा, प्लीज." "तू जा. मी येतो." ते येणार नव्हते. त्यांना उचलून आणण्याएवढी ताकद तिच्यात नव्हती, आणि पक्कडला हाक मारून त्या भिंतीखाली पाठवायची हिंमत नव्हती. भिंत दिव्यांच्या उजेडात साधी, ठीकठाक दिसत होती. वरून कुठूनतरी, कुणी मुठीतली वाळू सोडावी तसा बारीक आवाज येत होता, थांबत होता, येत होता. तिने तोंड उघडलं. काय बोलणार आहोत हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. "आणि," ती म्हणाली, आणि तिचा श्वास अडकला, अगदी त्याच जागी, "उन्हाळ्यात दार उघडलं की उन्हासारखा वास यायचा. आत आलेला माणूस आधी उभाच राहायचा." बाबांनी मान वर केली.

तिला सगळं पाठ होतं. तीन वर्षं रोज ऐकलेलं, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली घ्यायचा, सगळं. आवाज तिचा नव्हता. कुठून येत होता ते शोधायला तिला वेळ नव्हता. ती एक पाऊल मागे सरकली. "वरच्या मजल्यावर बायका धान्य पाखडायच्या. त्यांची गाणी कुणी लिहून ठेवली नाहीत." आणखी एक पाऊल. बाबा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठत होते, उतारवयाचा माणूस उठतो तसे, दोन हप्त्यांत. "थांब जरा," ते म्हणाले, "नीट ऐकू येत नाही." ती थांबली नाही. तिने आवाज आणखी खाली घेतला, म्हणजे त्यांना जवळ यावं लागेल, आणि मागे चालत राहिली, पाठीमागच्या खुर्च्यांना धडकत, त्यांच्यावरची नजर न काढता. ते येत होते. खांदे पांढरे होते. तराजूचं झालं, दुष्काळाचं झालं, आगीचं झालं. फाटकाची लोखंडी चौकट तिच्या पाठीला लागली तेव्हा शेवटचा परिच्छेद सुरू झाला होता, आणि तिला पुढचं दिसलं. शेवटचं वाक्य होतं, 'आता तुम्ही निघा. आम्ही इथेच आहोत.' ते ऐकलं की बाबा रोज मान हलवायचे आणि भिंतीकडे एकदा बघून मग उठायचे. ते वाक्य तिला म्हणायचं नव्हतं. ते म्हटलं की बाबा मागे वळणार. ती फाटकाबाहेर रस्त्यावर उतरली, बाबा चौकटीत होते, त्यांचा एक हात तिच्या दिशेने पुढे आला होता, आणि ती गप्प झाली.

"पुढे?" बाबा म्हणाले. त्यांच्या मागे, अंगणात, रिकाम्या खुर्चीच्या बैठकीवर काहीतरी टणकन पडलं. खड्यापेक्षा मोठं. बाबांची मान तिकडे वळू लागली.

"या," ती म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून. "असे जवळ या."